शहराच्या मधोमध दोन खण

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांवर शहरातला जुना ब्लॉक विकत घेऊन तो दुरुस्त करण्याचा प्रसंग आला नसावा. आला असता, तर त्या म्हणीत लग्नाचा क्रमांक तिसरा लागला असता. बांधताना निदान पाया आपल्या डोळ्यांदेखत खणला जातो. जुन्या ब्लॉकमध्ये मात्र भिंतीत काय आहे, फरशीखाली काय आहे आणि कागदात काय आहे, हे सगळे दुसऱ्याने केव्हाच झाकून ठेवलेले असते. आपल्याला दिसतो तो फक्त नवा रंग. आणि घर विकायला काढले की पहिला रंगारी बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे.

नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातले कयाधू नदीच्या काठचे गाव. परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. इकडच्या खेड्यांतली जुनी माणसे घराचा आकार अजूनही खणांत सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'त्यांचे पाच खणांचे घर आहे' म्हटले की त्या घराची ऐपत कळते. वर मातीचे माळवद. मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकायची, दाबून बसवायची, उतार पाहायचा. कुठले पाणी कुठून गळते हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे, कारण माती वाहणाऱ्यांत तोही असे. घराची दुरुस्ती हा पेरणीसारखाच वर्षाचा एक उद्योग होता.

या माळवदाच्या घरांवरचा विश्वास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे डळमळला. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे ओझे झोपेतल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदे उतरवून पत्रे आणि स्लॅब टाकण्याचा वेग वाढला, आणि ज्यांची मुले शिकली त्यांची नजर शहरातल्या ब्लॉककडे वळली.

माझा एक भाचा त्यांपैकी एक. नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. बायको एका दवाखान्यात हिशेब पाहते. मुलगी आठवीत. नरसीला पाच एकर रान आणि म्हातारी आई, म्हणजे माझी अक्का. दहा-बारा वर्षे भाड्याच्या घरांतून फिरल्यावर त्याने ठरवले, आता आपले घर घ्यायचे. "मामा, तुम्ही बँकेत होतात, तुम्ही जरा बघा," असे तो म्हणाला. बँकेत असताना मी लोकांची घरे कागदावर पाहिली होती. या वेळी जिने चढून पाहिली. जे पाहिले ते अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा प्रपंच.

गावाबाहेर की गावात?

त्याच्यासमोर पहिला प्रश्न होता तो हाच. शहराच्या कडेला त्याच पैशांत दोन बेडरूमचे नवे घर मिळत होते. लिफ्ट, पार्किंग, फाटकावर कमान. आणि वजिराबाद, शिवाजीनगर, स्टेशन या मधल्या भागात मिळत होत्या त्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या तीन मजली इमारतींतल्या दोन खोल्या. लिफ्ट नाही, जिन्यात पानाच्या पिंका.

आम्ही एक साधा हिशेब केला. कडेला राहायचे तर दुसरी दुचाकी लागणार. मुलीच्या शिकवण्यांसाठी कोणीतरी रोज दोन फेऱ्या मारणार. आईला डॉक्टरकडे न्यायचे तर एकाची रजा पडणार. मधोमध राहिले तर बायकोचा दवाखाना पायी दहा मिनिटांवर, भाजी खाली, आणि नरसीहून हिंगोलीमार्गे येणारी अक्का स्टेशनवरून स्वतः चालत घरी येऊ शकणार. घराची किंमत विक्रीखतात लिहिलेली असते. घर कुठे आहे याची किंमत मात्र रोज थोडी थोडी, पेट्रोलात आणि वेळात मोजावी लागते.

कडेच्या स्वस्ताईत आणखी एक मेख असते. नांदेड काय, हिंगोली काय, आपल्या शहरांच्या वेशीवर शेतजमिनीचे बिनशेती परवाना न घेता पाडलेले तुकडे वर्षानुवर्षे विकले गेले. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. नियमित न झालेल्या अशा जागेवर बँक कर्ज देत नाही, आणि मग माणूस सावकाराकडे जातो. ज्या घरावर बँक पैसे द्यायला कचरते, त्या घरात आपण आयुष्याची पुंजी का घालावी, हा प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.

सगळ्यांनीच मधोमध राहावे असे नाही. गुडघे दुखणाऱ्याने तिसरा मजला घेऊ नये, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात गच्चीखालची खोली म्हणजे काय असते हे ज्याने भोगले आहे, त्याने ती स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. भाच्याने दुसरा मजला निवडला तो या दोन्ही कारणांनी.

एका सहीचे मोल

ब्लॉक पसंत पडला. विकणारे गृहस्थ सभ्य होते. घर त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर. मृत्युपत्र नव्हते. "बहिणीचं काही म्हणणं नाही, ती पुण्याला असते, सुखात आहे," ते म्हणाले. आपल्याकडे बहिणीच्या सुखाचा उल्लेख बहुधा तिची सही टाळायची असते तेव्हाच होतो. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात विधवा आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. वकिलांनी बहिणीच्या हक्कसोडपत्राचा आग्रह धरला, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले. त्यात दोन महिने गेले. भाचा वैतागला, पण ते दोन महिने त्या घराचा खरा पाया होता असे मला वाटते. पुढे दहा वर्षांनी ती बहीण दारात उभी राहिली असती, तर दोष तिचा नसता.

जुन्या घराचे कागद पाहायचे ते असे: मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची खरेदीखतांची अखंड साखळी, तीस वर्षांचा शोध अहवाल, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर, वीजबिल आणि देखभालीची थकबाकी नसल्याचे दाखले. घरावर आधीचे कर्ज असेल तर मूळ कागद त्या बँकेत असतात, झेरॉक्सवर व्यवहार करू नये. मुखत्यारपत्रावर 'विकलेले' घर तर लांबूनच नमस्कार करण्याजोगे. अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट लोक विचारतच नाहीत. इमारतीखालची जमीन कोणाची? कुठे गृहनिर्माण संस्था असते, कुठे १९७० च्या कायद्याखालचे अपार्टमेंट असते. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात प्रत्येक ब्लॉकचा जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो. संस्थेच्या बाबतीत जमीन बिल्डरकडून संस्थेच्या नावावर झाली आहे का, ते पाहावे लागते. बिल्डरने टाळाटाळ केली तर मानीव अभिहस्तांतरणाची वाट २००८ च्या दुरुस्तीने मोकळी झाली आहे. विटा आणि सिमेंट म्हातारे होतात, जमीन होत नाही. चाळीस वर्षांनी इमारत पाडायची वेळ येईल तेव्हा हातात उरणार तो हा हिस्साच.

टेप आणि पेन्सिल

नामदेवांचे घराणे शिंप्याचे. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. घर घेणाऱ्याने तो गिरवावा. कागदावर ४८० चौरस फूट लिहिलेला हा ब्लॉक आम्ही टेपने मोजला तेव्हा ३७२ भरला. यात फसवणूक होतीच असे नाही. जुन्या दस्तांत भिंतींच्या जाडीसकट, काही ठिकाणी जिन्याच्या वाट्यासकट क्षेत्र लिहीत. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली: घरातली वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंती त्यात येतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. नव्या घराला हा नियम आहे. जुन्या घराला आपली टेप आहे. भावाची घासाघीस ३७२ वर करायची, ४८० वर नाही.

मग पैशांचे गणित. समजा ब्लॉक २० लाखांचा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे १८ लाख. माणूस समजतो की आपल्याला दोन लाख जमवायचे आहेत. पण मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर १ लाख २० हजार, नोंदणी २० हजार, दलालाचे दोन टक्के म्हणजे ४० हजार, आणि दुरुस्तीला तीन लाख. स्वतःच्या खिशातून द्यायचे झाले ६ लाख ८० हजार. या चार लाख ८० हजारांच्या फरकापायी माणसे बायकोचे दागिने ठेवतात किंवा चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढतात, आणि नवे घर पहिल्या दिवसापासून धाप टाकू लागते. फक्त स्त्रीच्या नावे घर घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भाच्याने घर बायकोच्या नावावर घेतले. कारण सवलतीचे सांगितले, पण मला ते तसेही योग्यच वाटले. तयार, जुन्या घराला जीएसटी नाही, हेही लक्षात ठेवावे.

हप्त्याविषयी दोन शब्द. साडेआठ टक्के व्याजाने १८ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे १५ हजार ६२० रुपये बसतो. पंधरा वर्षांचा सुमारे १७ हजार ७२५. महिन्याला दोन हजार एकशे रुपये जास्त भरले की एकूण परतफेडीत साडेपाच लाखांहून अधिक रक्कम वाचते. तरीही पुष्कळ लोक कमी हप्त्याकडे पाहून वीस वर्षांवर सही करतात. जुन्या इमारतीच्या बाबतीत बँक स्वतःच मुदत आखडते, कारण बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतो. त्याचा राग मानू नये. तो फुकटचा सल्ला आहे.

खर्च अंगावर आल्यावर दोन एकर हळदीचे रान विकायची गोष्ट घरात निघाली. अक्का म्हणाली, "रान इकून घर घेतलं तर त्या घरात पोतं कुठून यील?" तिच्या या वाक्यापुढे माझी व्याजाची कोष्टके फिकी होती. रान राहिले. दुरुस्तीतून खोटे छत, कोरीव कपाटे आणि टीव्हीची नक्षीदार भिंत गेली.

आधी पाणी, मग फरशी

जुने घर पाहायचे ते दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. मेमध्ये पाणी किती येते ते कळते, पावसात किती गळते ते. एवढी सवड नसेल तर निदान खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवावी आणि त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहू द्या म्हणावे. आपले घर कसे आहे ते आपल्या घरात दिसत नाही, खालच्याच्या छताला दिसते. आम्ही गेलो तेव्हा खालच्या काकूंनी चहा दिला आणि छतावरचा पिवळा डाग दाखवला. "सात वर्षं सांगतेय," म्हणाल्या. त्या डागाचे आम्ही सत्तर हजार रुपये किमतीतून कमी करून घेतले.

संडास-न्हाणीचा स्लॅब खाली दबलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर फरशी बसवतात. पस्तीस वर्षांत लोखंडी नळ आतून गंजतात, सांधे सुटतात आणि तो विटांचा थर ओल्या स्पंजासारखा पाणी धरून बसतो. वरून कितीही चकचकीत टाइल लावली तरी रोग आतच राहतो. म्हणून सगळे उकरून, नळ बदलून, जलरोधक थर देऊन मगच पुढे जायचे. थर दिला की 'नहाणी ट्रॅप' चिंध्यांनी बंद करून (आपली न्हाणी इंजिनिअरांच्या इंग्रजी नकाशांतही याच नावाने नांदते आहे) दोन इंच पाणी साठवायचे आणि एक दिवस-रात्र खालचे छत पाहायचे. ते कोरडे राहिले तर फरशीवाल्याला बोलवायचे.

दुसरी गोष्ट विजेची. त्या काळच्या घरांत ॲल्युमिनियमच्या बारीक तारा आणि चिनी मातीचे फ्यूज असत. एक पंखा, दोन दिवे आणि रेडिओ यांच्यासाठी ती सोय होती. आज त्याच तारांवर गिझर, फ्रीज आणि कुलर चढतात. तांब्याच्या नव्या तारा, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी यांवर केलेला खर्च कोणी पाहुणा पाहत नाही, म्हणून तो टाळला जातो.

तिसरी गोष्ट ओझ्याची. जुन्या फरशीवर मसाला पसरून नवी टाइल बसवली तर काम स्वस्तात होते खरे. पण दीड इंच मसाला आणि टाइल मिळून दर चौरस मीटरला शंभरेक किलो वजन वाढते. दहा बाय बाराच्या एका खोलीत एक टनाच्या वर! हे ओझे त्या म्हाताऱ्या स्लॅबने का वाहावे? भाच्याच्या घरात मोझॅकची फरशी होती. ती पॉलिश केली. आरशासारखी निघाली, आणि खर्च नव्या फरशीच्या मानाने किरकोळ. भिंत पाडून 'हॉल मोठा' करण्याचा मोहही असाच आवरावा. कुठली भिंत नुसता आडोसा आहे आणि कुठल्या खांब-तुळईवर घर उभे आहे, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय घण उचलू नये. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. नांदेडपर्यंत भांडी वाजली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. घर घेताना तो अहवाल मागावा. 'आमच्याकडे तसलं काही नाही' असे उत्तर आले, तर तेही उत्तरच आहे.

डोक्यावर दुसऱ्याची न्हाणी

तीन लाखांतले दोन लाख नळ, तारा, जलरोधन आणि गिलाव्यात गेले. म्हणजे भिंतीच्या आत गेले. उरलेल्या एका लाखात कडप्प्याचा ओटा, खिडक्यांना जाळ्या, दोन माळे आणि रंग. नातेवाईक बघायला आले आणि म्हणाले, "तीन लाख घातले म्हणता, दिसत तर काहीच नाही." मध्यमवर्गाच्या घरांची खरी शोकांतिका या वाक्यात आहे. न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करायला आपला हात धजत नाही आणि दिसणाऱ्या गोष्टींसाठी आपण कर्ज काढतो. मग पाच वर्षांनी तीच सजावट फोडून आतला नळ शोधावा लागतो. परवडणारे घर म्हणजे कमी किमतीचे घर असे आपण धरून चालतो. माझ्या मते ज्याचे सगळे खर्च आधी डोळ्यांसमोर आले, ते घर परवडते. बाकी सगळी घरे महागच, मग ती कितीलाही मिळोत.

अक्का आली. दोन्ही खोल्या पाहिल्या. वर पाहून म्हणाली, "आपल्या माळवदावर बसायला तरी येतं. इथं डोक्यावर दुसऱ्याचं न्हाणीघर." तिचे खरेच होते. ब्लॉकमध्ये आपले छत ही वरच्याची फरशी असते आणि आपली फरशी हे खालच्याचे छत. माळवदावर माती टाकणे ज्याचे त्याचे काम होते. इथे गच्चीला डांबर लावायचे तर बारा घरांचे एकमत लागते, आणि बारा घरांचे एकमत होईपर्यंत पाऊस थांबत नाही. म्हणून ब्लॉक पाहताना माणसेही पाहावीत. देखभालीचा निधी बँकेत आहे का, सभा होते का, जिन्यातला दिवा कोण बदलतो? यांची उत्तरे कुठल्याही शोध अहवालात नसतात.

नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यामुळेच नरसीला शीख भाविकही येतात, आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात नरसीच्या या सुपुत्राची वाणी वंदनीय मानली जाते. त्यांतल्या सोरठ रागातल्या एका पदाचा प्रसंग मोठा घरगुती आहे. शेजारीण नामदेवांना विचारते, तुझी ही झोपडी कोणाकडून शाकारून घेतलीस? त्या सुताराचा पत्ता दे, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव म्हणतात, त्या सुताराची मजुरी प्रेम आहे. अर्थ अर्थातच परमार्थाचा आहे. पण संतालाही उपमा सुचली ती घरदुरुस्तीची, आणि प्रश्न विचारला तो शेजारणीने, याची मला गंमत वाटते.

यंदाच्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या छतावर डाग उमटला नाही. त्या वर आल्या, न्हाणीघरात डोकावल्या, फरशीवरून हात फिरवला आणि भाचेसुनेला म्हणाल्या, "तुमचा मिस्त्री कोण गं? आमच्याकडं पाठव की. काय घेईल ते देऊ."